दुचाकीचं दुखणं : पत्र आधीच्या मालकाला, खडखड माझ्या नशिबी

प्रश्न : काका, नमस्कार. मी ऐरोलीला राहते, नोकरी वागळे इस्टेटमध्ये. रोज दिघा, विटावा, कळवा करत स्कूटरनेच जाते. गाडी मार्च २०२३ ची, आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाकडून मागच्या दिवाळीत घेतली. तो नंतर पुण्याला गेला आणि आरसी अजून त्याच्याच नावावर आहे (चूक माझीच). महिन्यापूर्वी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका पत्राचा फोटो पाठवला. कंपनीने काही गाड्या परत बोलावल्यात, टायमिंग चेनचा टेन्शनर फुकट बदलून देणार म्हणे. मी तीनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, "गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा." दुसऱ्यांदा, "पार्ट आलेला नाही." तिसऱ्यांदा, "पार्ट फ्री आहे मॅडम, पण लेबर ४८० लागेल. आणि मधल्या दोन सर्व्हिसिंग तुम्ही बाहेर केल्यात, त्यामुळे बघावं लागेल." इकडे रोज सकाळी गाडी सुरू केली की खडखड. दिघ्याचा गॅरेजवाला म्हणतो, "साडेतीनशेत लोकल टाकून देतो, कशाला हेलपाटे घालताय?" टाकून घेऊ का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, कागदांचं नंतर बोलू, आधी खडखडीचं.

उद्या सकाळी गाडी मेन स्टँडवर लावा, सेल्फ मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता मनात आकडे मोजा. तीनपर्यंत आवाज बसला तर जवळपासची कामं करायला हरकत नाही. पण गाडी गरम झाल्यावरही, सिग्नलला उभी असताना, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजत राहिलं, तर त्या दिवसापासून गाडी खाली पार्किंगमध्ये. अजून एक बघा. आवाज डावीकडच्या लांब कव्हरमधून येतोय आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की बदलतोय, तर तो बहुधा व्हेरिएटरच्या (स्कूटरचे गिअर आपोआप बदलणाऱ्या भागाच्या) रोलरचा. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही, आणि तो फुकटात जाणारही नाही.

टेन्शनर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. आत पीळ भरलेली स्प्रिंग, तोंडाशी एक दांडी. वापराने टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडमीट करणारी साखळी) सैल पडत जाते तशी ही दांडी थोडी थोडी बाहेर येते आणि चेनच्या पट्टीला दाबून धरते. तिने फक्त पुढे जायचं, मागे हटायचं नाही, एवढंच तिचं काम. ती मागे हटायला लागली की चेन फडफडते. तीच तुमची सकाळची खडखड. फार सैल झाली तर चेन एखादा दाता सोडते, व्हॉल्व कधी उघडायचा नि कधी मिटायचा याचा हिशेब चुकतो, आणि काही इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्ववर जाऊन आदळतो. तिथून पुढे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं काम, आणि त्याचं बिल हजारांत.

चालत्या गाडीत असं झालं तर मागचं चाक जाम होईल ही भीती मात्र काढून टाका. स्कूटरचा क्लच इंजिन थांबलं की आपोआप सुटतो, गाडी नुसती घरंगळत राहते. भीती आहे ती मागून येणाऱ्या ट्रकची. सकाळी नऊ वाजता ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अचानक बंद पडलेली स्कूटर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आवाज तीन आकड्यांत बसत असला तरी, काम होईपर्यंत ऑफिसला लोकलने जा.

आता सर्व्हिस सेंटरच्या तीन उत्तरांकडे. वागळे इस्टेटच्याच एका वर्कशॉपच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढली. ही तिन्ही वाक्यं मीही गिऱ्हाइकांना ऐकवली आहेत, तेव्हा रागावून नाही, माहितीतून सांगतो. मधलं उत्तर खरं असू शकतं. हजारो गाड्या एकदम बोलावल्या की पार्ट हप्त्याहप्त्याने येतात. पहिलं आणि तिसरं मात्र चुकीचं.

रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषाच्या गाड्या परत बोलावणं, माणसाच्या नावावर निघत नाही, चासी नंबरावर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकावर) निघतो. तोही खरेदीच्या तारखेवर नाही, गाडी कारखान्यात कधी बनली त्यावर. २०१८ मध्ये होंडाने पुढच्या फोर्कच्या एका बोल्टसाठी ५६,१९४ स्कूटर बोलावल्या होत्या. त्यात फक्त ७ फेब्रुवारी ते १६ मार्च या सव्वा महिन्यात बनलेल्या गाड्या होत्या. शेजारच्याची तीच मॉडेल, तोच रंग, पण एप्रिलमध्ये बनलेली, तर ती यादीत नाही. तेव्हा तुमची गाडी यादीत आहे का, हे पत्रावरून नाही, चासी नंबर टाकूनच कळेल. आरसीवर १७ अक्षरी नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे गोल दिसेल तो शून्यच. आमच्या काउंटरवर निम्म्या गाड्या "यादीत नाही" निघायच्या त्या या शून्यापायी. कंपनीच्या वेबसाइटवर घरी बसून टाकून बघा, 'पेंडिंग' असं काहीतरी दिसलं की त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

लेबरचे ४८० द्यायचे नाहीत. दोष कारखान्याचा, तर पार्ट, पॅकिंग (जोडाखालचं गॅस्केट) आणि मजुरी तिन्ही कंपनीच्या खात्यात जातात. ही वॉरंटी नव्हे की सर्व्हिसिंग कुठे केलं, किती किलोमीटर झाले असं विचारत बसावं. मग पोरं असं का बोलतात? कंपनी डीलरला या कामाचे ठरलेले पैसे देते, तेही तुमच्या-माझ्या बिलापेक्षा कमी आणि सावकाश. त्याच वेळात दोन साध्या सर्व्हिसिंग उरकतात. म्हणून रिकॉलवाल्याला बाकावर बसवायचं, दमला की जातो.

तुम्ही दमू नका. पुढच्या वेळी जाताना शनिवार टाळा, मंगळवार-बुधवारी सकाळी दार उघडताच जा. अ‍ॅडव्हायझरला फक्त एवढंच म्हणा : "या चासी नंबरावर कॅम्पेन पेंडिंग आहे, जॉब कार्ड उघडा." जॉब कार्ड म्हणजे गाडी कामाला घेतल्याचा नोंदकागद, कॅम्पेन म्हणजे रिकॉलचंच वर्कशॉपमधलं नाव. रिकॉल हा शब्द त्यांना टोचतो, कॅम्पेन म्हटलं की समजतात, बाई माहीतगार आहे. पार्ट नसेल तर जॉब कार्डवरच "पार्ट उपलब्ध नाही, मागवला" असं लिहून, तारीख नि शिक्का घ्या. तोंडी "पुढच्या आठवड्यात बघू" यावर घरी यायचं नाही.

आणि काम झालं म्हणाले, तर ते खरंच झालं का, ते बघा. आमच्याकडे एकदा महिनाअखेरीचा आकडा गाठायला काही गाड्यांचं कॅम्पेन नुसतंच कॉम्प्युटरवर बंद केलं होतं, पाना न लावता. कळव्याच्या एका गृहस्थांनी पकडलं. त्यांनी गाडी देण्याआधी ओळखीच्या फिटरकडून डिकी काढून जुन्या टेन्शनरवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. संध्याकाळी गाडी परत आली, त्यांनी तिथेच डिकी काढायला लावली, लाल ठिपका जागच्या जागी. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, माझंही. जुना पार्ट कंपनीला परत पाठवावा लागतो, त्यामुळे तो तुम्हाला घरी मिळणार नाही, पण हातात घेऊन बघायचा हट्ट धरा. काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं, काचेआडून बघत बसलात तरी चालेल.

दिघ्याच्या गॅरेजवाल्याला नको म्हणा. माणूस वाईट नसेल, पण लोकल टेन्शनरची स्प्रिंग किती दिवस दम धरेल याची खात्री तोही देणार नाही. शिवाय एकदा बाहेरचा पार्ट बसला की सेंटरवाल्यांना वाद घालायला आयतं निमित्त मिळतं. आणि टेन्शनर बाहेर काढलेला असताना कुणी चुकून किक मारली तर चेन तिथेच दाता सोडते. हे मी नवख्या पोरांच्या हातून झालेलं पाहिलंय.

कायदा तुमच्या बाजूला आहे, थोडक्यात सांगतो. रिकॉलची स्वेच्छा पद्धत वाहन कंपन्यांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ पासून आणली. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे नियम, बनून ७ वर्षं न झालेल्या गाड्यांना लागू आहेत, तुमची बसते. कंपनीने दोष स्वतःहून कळवला तर तिला दंड होत नाही, सरकारने बोलवायला लावलं तर दंड १ कोटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून कंपनीच्या मुख्यालयाला असली तक्रार चिघळलेली नको असते, डीलरला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. तेव्हा डीलरशी हुज्जत घालण्यापेक्षा कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा : चासी नंबर, तीन भेटींच्या तारखा, ४८० रुपये मागितले हे वाक्य, स्क्रीनचा फोटो. बहुतेकदा इथेच काम होतं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि अगदीच गळ्याशी आलं तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकीलही लागतोच असं नाही.

आरसीचं मात्र तुम्ही टाळलंत ते बरं नाही केलं. गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी कळवायचं असतं, दिवाळी केव्हाच मागे पडली. पुण्याच्या त्या मुलाकडून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या नि अर्ज टाका. रिकॉलसाठी नाही, पण उद्या अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल. शिवाय पुढचं पत्र तरी ऐरोलीला येईल.

प्रश्न : मला मोबाइलवर मेसेज आला आहे, "तुमची स्कूटर रिकॉलमध्ये आहे, स्लॉट बुक करण्यासाठी खालील लिंकवर ९९ रुपये भरा." भरू का? गाडीचा नंबर मेसेजमध्ये बरोबर आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. रिकॉलला ९९ काय, ९ रुपयेही लागत नाहीत. गाडीचा नंबर बरोबर असण्यात विशेष काही नाही, तो तुमच्या मागच्या पाटीवर सगळ्या पाम बीच रोडला दिसतो. लिंक उघडू नका, कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि चासी नंबर टाकून बघा. पैसे भरून बसला असाल तर हे उत्तर वाचून संपायच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.