रेडिएटर असलेल्या छोट्या खोलीत पलंग आणि कपाट

जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यासाठी तुम्ही खोली लावत आहात, तेव्हा पलंगाची जागा ठरवण्याआधी रेडिएटरकडे, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या उपकरणाकडे, नीट पाहावे, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. तो बहुधा खिडकीखाली असतो, कारण काचेवरून उतरणारी थंड हवा तिथेच तापून वर जाते आणि खोलीभर फिरते. पलंग त्याला चिकटवला, तर ही वाट बुजते, गादी तापते आणि खोली गारच राहते. मध्ये निदान 30 सेंटिमीटर जागा सोडा. रेडिएटरच्या कडेला 1 ते 5 आकड्यांची जी गोल चावी असते, ती आपल्याभोवतीच्या हवेचे तापमान ओळखते. 3 म्हणजे साधारण 20 अंश. लांब पडद्याआड किंवा टेबलामागे ती झाकली गेली, की कोंडलेल्या उष्णतेमुळे ती गरम पाणी लवकर अडवते आणि आपण दोन रजया घेऊन कुडकुडत बसतो. म्हणून पडदे आखूडच घ्या.

कपाटाबाबत अधिक जपा. पहिल्या वर्षी मी ते बाहेरच्या भिंतीला टेकवले होते. फेब्रुवारीत सरकवले, तेव्हा मागे काळ्या बुरशीचे ठिपके दिसले आणि आईने दिलेल्या शालीला कुबट वास येत होता. कपाट आतल्या भिंतीला लावा. नाइलाज असेल, तर मागे 5 ते 10 सेंटिमीटर फट ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ रेडिएटर बंद करून, खिडकी सताड उघडून, 5 ते 10 मिनिटे हवा खेळू द्या.