देव सुटला, आता पुढे काय?

देवावरचा विश्वास सुटला की सुरुवातीला पोकळी जाणवतेच, घाबरू नकोस. ‘जगायचं कशासाठी?’ याचं एकच मोठं उत्तर शोधत बसलास तर आयुष्यभर शोधतच राहशील. त्यापेक्षा एखादं काम अंगावर घे. तू गेला नाहीस तर कुणाचं तरी अडेल, असं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात नवीन पोरांना नारळातून करणी काढायचं प्रात्यक्षिक फार आवडतं: शेंडीत सोडियमचा खडा, वर पाणी शिंपडलं की भडका. पण खरं काम त्यानंतरचं. घाबरलेल्या बाईशेजारी बसून तिचं ऐकून घ्यायचं. वाद जिंकायची खुमखुमी तिथेच उतरते.

र. धों. कर्वे पक्के नास्तिक. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. खटले झाले, पदरमोड झाली. स्वर्गाची लालूच कुठे होती?

आणि हो, आरतीवरून आईशी भांडू नकोस. टाळ्या वाजवायच्या नसतील तर प्रसादाची केळी कापायला बस. भजनाची ओढ वाटली तर ती बहुधा सोबतीची असते. नाटकाच्या तालमीत, रक्तदान शिबिरातही ती भागते. मात्र ठरल्या वारी, ठरल्या वेळी जा. मूड येण्याची वाट बघू नकोस.