प्लंज राउटर (दाबून फिरतं पातं लाकडात उतरवायचं मशीन) खाच मारताना आपोआप खोल जातो आणि दाबला की मध्येच अडकतो. तो ज्या दोन उभ्या दांड्यांवर खाली-वर होतो त्या कॉलमना तेल घालू का? की मोटरचे कार्बन बदलू?

तेल घालू नका. आधी बिटाची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, दांडी मोजा, आणि फूटपट्टीने नाही, व्हर्नियरने.

हे वाक्य मी गेली सहा वर्षं आमच्या भाऊजींना ऐकवतोय. त्यामुळे तुमचा प्रश्न दिसल्यावर हात आवरला नाही.

मी टर्नर. सत्तावीस वर्षं लेथवर काढली. भाऊजी, म्हणजे मोठ्या ताईचे यजमान, फर्निचरची कंत्राटं घेतात. कामाला वाघ, पण माप सुतात. एक सूत म्हणजे तीन एमएम, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे बारा एमएम, झाला हिशेब. प्लायच्या दुकानातही बारा एमएमला अर्धा इंची आणि अठराला पाऊण इंची म्हणतात, कुणाचं काही अडत नाही. पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ एमएम. दर सुतामागे ते वरचे ०.१७५ सोडून दिले की चार सुतांना ०.७ होतात. अर्धा इंच म्हणजे १२.७. लेथवर एवढी चूक झाली तर जॉब थेट भंगारात. प्लाय माफ करतो, पण कॉलेट, म्हणजे राउटरमध्ये बिटाची दांडी धरणारी पकड, माफ करत नाही.

आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा गॅलरीची एक तुळई मी पाडणाऱ्या पोरांना चहापाण्याचे देऊन उतरवून घेतली होती. जुना सागवान. खिळ्यांची भोकं, वर रंगाचे पाच-सहा थर, पण चिरल्यावर आतून असा निघाला की आरा चालवणारा माणूसही थांबून बघत होता. त्यातून ताईच्या कन्नमवार नगरच्या घरासाठी देव्हारा करायचं ठरलं. बाजूच्या फळ्या १८ एमएम, त्यांत कप्प्यांसाठी ६ एमएम खोल खाचा. राउटर माझा, अर्धा इंची कॉलेटचा. बिट भाऊजींनी नागदेवीच्या हत्यारबाजारातून आणलं. "अर्धा इंची आहे," म्हणाले.

दांडी आत गेली, पाना मारला, नट घट्ट झाल्यासारखा वाटला. पहिली खाच बरोबर सहा. दुसऱ्या खाचेत निम्म्यावर आवाज जड झाला आणि जळका वास आला. मोजलं तर एका टोकाला सहा, दुसऱ्या टोकाला अकरा. भाऊजी म्हणाले, "तुझ्या मशीनचा लॉक ढिला आहे." मी खुळ्यासारखा, खाचेची खोली धरून ठेवणाऱ्या त्या लॉकचा दांडा आणखी आवळला. तिसऱ्या खाचेला बिट फळीच्या आरपार. मिनिटाला बावीस-तेवीस हजार फेरे घेणारं ते पातं सुटून कुणाच्या पोटरीत गेलं नाही, हे नशीब.

दांडी बारा एमएमची होती. १२.७ च्या कॉलेटमध्ये ती जाते, नटही आवळला जातो, पण कॉलेट तिला सगळीकडून धरत नाही, जेमतेम तोंडाशी चिमटीत पकडतो. लाकडाचा जोर आला की बिट हळूहळू बाहेर सरकतं आणि खाच खोल होत जाते. पीळ असलेलं, भुसा वर काढणारं बिट तर स्वतःच स्वतःला बाहेर खेचतं. ६ आणि ६.३५ चं, म्हणजे पाव इंचाचं, तेच रडगाणं.

तरीही भाऊजींचं निदान लॉक! त्यांनी ताईच्या शिलाई मशीनचं तेल आणून माझ्या दोन्ही कॉलमवर सोडलं. "मशीनला तेल लागतंच." पुढचे पंधरा दिवस मी एमडीएफवर काम केलं. ती पिठासारखी भुकटी तेलात कालवली गेली, कॉलम ज्यातून सरकतात त्या बुशमध्ये जाऊन बसली आणि तेव्हापासून राउटर दाबला की मध्येच अडकायला लागला. म्हणजे तुमची दुसरी तक्रार.

म्हणून सांगतो, बिट बसवल्यावर नटाच्या कडेला लागून दांडीवर मार्करने रेघ मारा. एक खाच घ्या, प्लग काढा, बघा. रेघ नटापासून लांब गेली असेल तर दोष पकडीचा. रेघ जागच्या जागी आणि तरी खाच खोल, तर मग लॉक किंवा खोली ठरवणाऱ्या डेप्थ स्टॉपचा स्क्रू. दांडीचं माप बरोबर असूनही रेघ सरकत असेल तर कॉलेट काढून बघा. आत चीक जळून बसलेला असतो, तो पितळी ब्रशने कोरडा साफ करा. तोंड फाकलं असेल तर नवा आणा, उगाच आवळत बसू नका. दांडी तळाला टेकवून नट कधीच आवळायचा नाही, टेकवून दोन-तीन एमएम बाहेर ओढायची. आवळताना कॉलेट दांडीला घेऊन आत सरकतो, त्याला जागा लागते. आणि बिट नसताना नट आवळून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

अडकण्याचं म्हणाल, तर टर्पेंटाइनच्या फडक्याने कॉलम पुसा, कोरडे करा, मेणबत्ती घासा आणि सुक्या कापडाने चोळा. बस. पावसाळ्यात राउटर गॅलरीत ठेवू नका, कॉलमवर गंज धरला की मेणही काही करू शकत नाही. दोन्ही मुठी सारख्या दाबा. एकच बाजू दाबली तर चांगलं मशीनही तिरकं होऊन अडकतं. बेस उघडणार असाल तर आतल्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात, स्वतःचं तोंड बाजूला ठेवा.

आता खरं सांगायचं तर काही कंपन्यांच्या पुस्तिकेत कॉलमला थेंबभर हलकं तेल लिहिलेलं असतं. तुमच्यात लिहिलं असेल तर घाला आणि लगेच पुसा. हेही कबूल करतो की त्या दिवशी व्हर्नियर माझ्याच पिशवीत होता आणि मी तो काढला नाही. फळीचं भोक भाऊजींनी त्याच तुळईच्या तुकड्याने असं बुजवलंय की ताईला अजून सापडलेलं नाही. पण प्रत्येक लग्नकार्यात ते "हा लॉक लावायला विसरला होता" म्हणून सांगतात. लॉक लावलेला होता.

कार्बनचा खोलीशी काही संबंध नाही. मशीन मध्येच बंद पडत असेल किंवा ठिणग्यांचं कडं फिरताना दिसत असेल तर काढून बघा. झिजून पाच-सहा एमएम उरले असतील तर दोन्ही एकदम बदला आणि दोन-चार मिनिटं रिकामं चालवा. बारीक निळसर ठिणगी असतेच, तिला घाबरू नका. नवे कार्बन घालूनही कडं राहिलं तर आर्मेचर वाइंडिंगवाल्याला दाखवा, घरातल्या कुणाला नको.