राईडच्या लायनीत अर्धा दिवस जातो, काय करायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे येणाऱ्या मेलचा रंगच बदलतो. एरवी ट्रेनचं रिझर्व्हेशन नाहीतर हॉटेलचं रिफंड चालू असतं, आता बघावं तर सगळे थीम पार्कच्या रांगांवर. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत, पाच निवडलेत, नावं कुणाची छापत नाही.

प्रश्न : आम्ही सहा जण डिसेंबरमध्ये इमॅजिकाला जाणार आहोत. लाईन बघून कसं ओळखायचं की थांबण्यात अर्थ आहे की नाही? बोर्डावरच्या वेळेवर विश्वास ठेवायचा का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : लाईन किती लांब आहे ते बघूच नका, लाईन किती वेगाने आत जातेय ते बघा. सगळा खेळ तिथेच आहे आणि नव्वद टक्के लोक नेमकं तेच बघत नाहीत. शेपटी छोटी दिसली की पळत जाऊन उभे राहतात.

समजा एखाद्या रोलर कोस्टरच्या गाडीत २८ माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांना एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ३० गाड्या, ८४० माणसं. तुमच्या पुढे ३०० जण असले तर वीसएक मिनिटांत नंबर लागतो. आता तीच राईड, तेच ३०० जण, पण गाडी दर चार मिनिटांनी सुटतेय, तर झाली ना पाऊण तासाची निश्चिती. जॉन लिटल नावाच्या माणसाने १९६१ मध्ये हे गणित रीतसर सिद्ध करून ठेवलंय, बँकेच्या काउंटरपासून सगळीकडे चालतं. तेव्हा लायनीत शिरायच्या आधी थोडा वेळ बाजूला उभं राहून मोबाईलमधलं घड्याळ लावा, एक गाडी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा, पुढची माणसं अंदाजाने धरा, झालं.

आणि एक गंमत सांगते. गर्दी कमी असलेल्या दिवशी बरीच पार्कं मोठ्या कोस्टरवर दोनच्या जागी एकच गाडी चालवतात, माणसं आणि मेंटेनन्स दोन्ही वाचतं त्यांचं. म्हणून मंगळवारी मुद्दाम रजा टाकून गेलेला माणूस कुरकुरतो की लाईन तर एवढीशी होती पण हलतच नव्हती! तो खोटं बोलत नसतो.

गाडी उशिरा का सुटते हे बघायचं असेल तर प्लॅटफॉर्मवर नीट लक्ष द्या. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या कोस्टरला पायाखाली फ्लोअरच नसतो, पाय लोंबकळत असतात, आणि नेमकं बसल्यावर एखाद्याला आठवतं की आपल्या पायात सैल चप्पल आहे. मग ती काढा, पलीकडे ठेवून या. दुसऱ्याच्या वरच्या खिशात गॉगल. तिसरीच्या मांडीवर पर्स. ऑपरेटर दोन्ही बाजूंनी प्रत्येक हार्नेस (माणसाला सीटवर धरून ठेवणारी दांडी) ओढून बघत येतात, अंगठा दाखवतात, तेवढ्यात मधलाच एक जण हात वर करतो की मला जरा घट्ट झालंय, की पुन्हा उघडा सगळं. दर गाडीला असा एकेक मिनिट गेला तर मागच्या ३०० जणांचं काय होतं ते वरच्या हिशोबात बसवून बघा. त्यामुळे सहाच्या सहा जणांनी खिसे लॉकरमध्ये रिकामे करून या ही माझी हात जोडून विनंती.

याउलट ज्या राईडमध्ये बोटी किंवा डबे न थांबता हळूहळू सरकत राहतात आणि माणसं चालत्यातच बसतात, तिथे लाईन भयंकर दिसते पण सपासप पुढे जाते. डिस्नेच्या हॉन्टेड मॅन्शनसारख्या राईड तासाला दोन हजारांवर माणसं बसवतात. म्हणजे सकाळी गेट उघडल्यावर आधी कमी माणसं बसवणाऱ्या राईडकडे जायचं आणि भरपूर बसवणाऱ्या दुपारसाठी ठेवायच्या, लोक बरोबर उलटं करतात.

बोर्डावरची वेळ बऱ्याच पार्कांत जरा वाढवूनच लिहिलेली असते, कारण चाळीस लिहून तीसमध्ये नंबर लागला तर माणूस खूश होतो आणि वीस लिहून तीस लागले तर भांडायला येतो. आणि डिसेंबर म्हणताय म्हणून, शाळांच्या सहली त्याच दिवसांत असतात बरं का. बसेस सगळ्या सकाळी एकदम येतात पण लांबच्या शाळांना परतायची घाई असते, तेव्हा तुमची मोठी राईड चार-साडेचारनंतर ठेवलीत तरी चालेल. फक्त बंद व्हायच्या आधी किती वाजेपर्यंत लायनीत घेतात ते आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात एका पार्कला गेलो होतो (नाव लिहीत नाही). गेट उघडल्याबरोबर सगळे राईडच्या दिशेने पळत सुटले, माझा सात वर्षांचा मुलगा धक्का लागून पडला, गुडघा फुटला. कुणी थांबलंसुद्धा नाही. अशा वेळी काय करायचं? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, आधी हे सांगा की मुलगा बरा आहे ना आता. गुडघ्यावर निभावलं म्हणायचं.

ही पळापळ नवी नाही. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तो दिवस होता १७ जुलै १९५५, फक्त आमंत्रितांसाठी ठेवलेला, तरी बनावट तिकिटं छापून लोक घुसले आणि आकडा २८ हजारांच्या घरात गेला असं सांगतात. तेव्हापासून ते लोक शिकत आलेत. आता त्यांच्याकडे सकाळी दोरी धरून कर्मचारी गर्दीच्या पुढे चालतात, चालतात म्हणजे खरंच चालतात, पळू देत नाहीत, आणि मागची सगळी गर्दी त्या दोरीच्या मागून राईडच्या तोंडापर्यंत नेली जाते. दोन-चार माणसांचं काम आहे हो, खर्च तरी किती येणार. आपल्याकडे मात्र गेट उघडायचं आणि बाजूला व्हायचं, बास. तिकिटाला हजारांत पैसे घेता तर एक दोरी घ्या की! याबद्दल पार्कला लेखी कळवा, फोनवर बोलून उपयोग नाही. तारीख, वेळ, कुठलं गेट ते लिहा.

तुमच्या हातात काय आहे ते आता सांगते. गेट उघडल्यावरची पहिली पाच मिनिटं मुद्दाम सोडून द्यायची. भिंतीच्या किंवा बाकाच्या कडेला उभं राहायचं, गर्दी पुढे गेली की निघायचं. नंबर थोडा मागे जाईल, जाऊ दे. मुलाला आपल्या पुढे ठेवायचं, हात धरून मागून ओढत न्यायचं नाही, कारण मागून धक्का आला की मागचं मूल आपल्याला दिसतच नाही. वॉटर पार्कला जास्त जपा, वेव्ह पूलमध्ये (कृत्रिम लाटांचा तलाव) लाटा सुरू व्हायचा भोंगा वाजला की चारी बाजूंनी ओले पाय आणि गुळगुळीत फरशी यांची शर्यत लागते, तिथे पडलेलं पोर उठायच्या आत चार जण वरून जातात.

आणि जिथे खरोखर अंगाला अंग लागायला लागलं, आपले हात आपल्याला हलवता येईनासे झाले, तिथे राईड गेली खड्ड्यात, कडेने बाहेर पडायचं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं झाली की गर्दी माणसांच्या ताब्यात राहत नाही, मागचा धक्का लाटेसारखा पुढे येतो. माणसं बहुतेक वेळा पायाखाली येऊन जात नाहीत, उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरतात. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जण गेले, मुंबईकरांना वेगळं काय सांगू. अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर दुमडून धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, धक्क्याला उलट धक्का देऊ नका, लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका, आणि खाली पडलेला मोबाईल उचलायला अजिबात वाकू नका. मूल लहान असेल तर कडेवर.

प्रश्न : एप्रिलमध्ये न्यू जर्सीला भावाकडे चाललोय, तिथून सगळे ऑरलँडोला डिस्ने आणि युनिव्हर्सलची पार्कं बघायला जाणार. पैसे भरून लाईन टाळायचा पास घ्यावा का? बायको म्हणते हा अन्याय आहे, मी म्हणतो एवढं लांब जाऊन उभं राहायचं का. (खराडी, पुणे)

उत्तर : दोघंही बरोबर आहात, पण भांडण तुमच्या घरात ठेवा.

डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. मशीनमध्ये तिकीट घालायचं, चिठ्ठीवर वेळ यायची, त्या वेळी या. २०२१ मध्ये तो कायमचा बंद करून पैशाचा लायटनिंग लेन आणला, २०२४ मध्ये पुन्हा नावं बदलली. आता बऱ्याच राईडसाठी मल्टी पास आणि एखाद्या फार मागणीच्या राईडसाठी वेगळा सिंगल पास, असं आहे. दर तारखेप्रमाणे बदलतात, तेव्हा आमचा आकडा धरून बजेट करू नका.

आता वहिनींचा मुद्दा. पासवाले काही हवेतून सीट आणत नाहीत. तासाला ८४० सीटं असतील आणि त्यातल्या निम्म्या पासच्या दारातून गेल्या, तर साध्या लायनीला उरल्या ४२०, म्हणजे त्यांचा वेळ थेट दुप्पट. त्यात दोन्ही रांगा प्लॅटफॉर्मच्या अलीकडे एकत्र येतात, तिथे एक पोरगा उभा असतो, पासवाल्यांना भराभर सोडतो आणि मग इकडच्या चौघांना ये म्हणतो, हे तासभर उभ्या माणसाला डोळ्यासमोर दिसतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसिकतेवर लिहिलं होतं, त्यात हे आहेच, की अन्यायाचं थांबणं जास्त लांब वाटतं आणि किती वेळ ते माहीत नसलेलं थांबणंही. लोक काय थराला जातात बघा, २०१३ मध्ये बातम्या आल्या की न्यूयॉर्कमधल्या काही श्रीमंत घरांतले लोक लाईन टाळायला अपंग गाईड भाड्याने घेतायत, कारण अपंगांबरोबरच्या माणसांनाही पुढे सोडायचे. त्याच वर्षी डिस्नेने अपंगांच्या सवलतीची पद्धत बदलली, त्रास कुणाला झाला तर ज्यांना खरंच गरज होती त्यांना.

माझं मत विचाराल तर एकच दिवस असेल, पोरं बरोबर असतील आणि पुन्हा जाणं होणार नसेल तर एका पार्कसाठी घ्या, दोन-तीन दिवस असतील तर नको. फुकटच्या वाटा आधी वापरा. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलात तर अर्धा तास आधी आत सोडतात. काही राईडना एकट्या माणसांची वेगळी लाईन असते, युनिव्हर्सलमध्ये तर बऱ्याच ठिकाणी, रिकामी राहिलेली सीट भरायला ते एकेकट्याला उचलतात. नवरा-बायको शेजारी बसणार नाही एवढंच. लग्नाला किती वर्षं झाली त्यावर ठरवा. राईडच्या उंचीच्या अटीत न बसणारं मूल सोबत असेल तर रायडर स्विच मागा, एक जण राईडला जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा सगळी लाईन लावावी लागत नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सललाही अशी सोय मिळते. मागितल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

आणि नवीन राईड उघडायच्या आठवड्यात जाऊ नका म्हणजे नकाच. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडची मोटरसायकल राईड १३ जून २०१९ ला उघडली, पहिल्याच दिवशी लाईन दहा तासांपर्यंत गेली. दहा तास! मुंबईहून माणूस तेवढ्यात लंडनला पोचतो.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे दहा जण जातो. एक जण लायनीत थांबतो, बाकीचे खाऊन येतात आणि मग त्याच्याजवळ जातात. यात चूक काय? कुणाचं तरी वाईट होतंय का? (नाशिक)

उत्तर : होतंय रे. तुझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने मोजून बघितलंय की पुढे एक पोरगा आहे, आणि गाडी यायच्या वेळी तिथे दहा उगवतात. २८ च्या गाडीत तुम्ही नऊ जास्तीचे, म्हणजे गाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. असे चार ग्रुप लायनीत असले तर मागच्यांना एक अख्खी गाडी जास्त थांबावं लागतं. मग तो चिडतो, पुढे सरकतो, तुम्ही त्याला ढकलता, रेलिंगवरून उड्या सुरू होतात आणि ऑपरेटर राईड थांबवून खाली येतो. बऱ्याच पार्कांत यासाठी सरळ बाहेर काढतात. लहान मुलाला टॉयलेटला नेऊन परत येणं वेगळं, ते कुणीही समजून घेतं. तुम्ही दहाही जण आधी खाऊन घ्या ना, फक्त कोस्टरच्या आधी मिसळ नको.

प्रश्न : नातवंडं हट्ट करतात म्हणून मीही जातो. वय ७१, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. लायनीत उभं राहवत नाही आणि नुसतं बाहेर बसायचा कंटाळा येतो. (सांगली)

उत्तर : काका, मोठ्या कोस्टरच्या बाहेर बोर्ड असतो, बीपी, हृदय, पाठ, मान. तो तुमच्यासारख्यांसाठीच लावलेला असतो, नातू कितीही म्हणाला तरी तिथे नको. पण बसून बघायचे शो आणि सावकाश चालणाऱ्या राईड जरूर करा. शोच्या आत एका वेळी भरपूर माणसं मावतात, लाईन मोठी दिसली तरी दार उघडलं की एकदम सुटते, आणि भर उन्हाच्या वेळी एसीत बसायला मिळतं ते वेगळंच. गेटवर आत शिरतानाच व्हीलचेअरची चौकशी करा, पुष्कळ मोठ्या पार्कांत ती मिळते, डिपॉझिट भरावं लागतं कधीकधी. लाज वाटून घेऊ नका, दिवसभराचं चालणं काही थोडं नसतं. गोळी आणि पाण्याची बाटली मात्र पोरांच्या सॅकमध्ये देऊ नका, ती सॅक लॉकरमध्ये जाते आणि लॉकरची चावी राईडवर. स्वतःच्या खिशात ठेवा, आणि कुठे भेटायचं ती जागा सकाळीच ठरवून घ्या, कारण गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.