आकडा जोडायच्या आधी

लातूरच्या एमआयडीसीत माझं ट्रॅक्टर-ट्रॉलीचं शेड आहे. गेल्या सहा वर्षांत ट्रॉल्यांच्या जोडीला, गाडीमागे जोडून न्यायचे मुक्कामाचे नऊ ट्रेलर बनवले. त्यातला पहिला माझा स्वतःचा, आणि सगळ्यात फसलेला तोच. संपादकांनी वाचकांची पत्रं माझ्याकडे पाठवली ती बहुधा त्यामुळेच. या वेळी चार पत्रं घेतो.

प्रश्न : मी आणि सौ. दोघंही शाळेतून निवृत्त झालो. गाडी बोलेरो. मनात लडाख आहे. दोन ट्रेलर पाहिले. एक सोळा फुटी, आत पलंग, संडास-बाथरूम, रिकामं वजन ११०० किलो. दुसरा दहा फुटी, आत फक्त झोपायची जागा, मागची फळी उघडली की ओटा, रिकामं वजन ५५०. हिचा ओढा पहिल्याकडे, खरं तर माझाही. दोन्ही विक्रेते ‘फुल ऑफ-रोड’ म्हणतात. कोणता घ्यावा? – एक निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई

गुरुजी, दुसरा घ्या. बाई रागावतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विक्रेता सांगतो ते रिकामं वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही, गाद्या नाहीत आणि बाईंची लोणच्याची बरणी तर नाहीच. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात कोणी सूट देत नाही. अकराशेचा ट्रेलर निघायच्या दिवशी तेराशेला सहज जातो. परदेशी ट्रेलरच्या कागदावर ‘एटीएम’ असा आकडा दिसेल. ते पैशाचं मशीन नव्हे. पूर्ण भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन, असा ऑस्ट्रेलियात त्याचा अर्थ. तुमच्या गाडीला किती ओढायची मुभा आहे हे पुस्तिकेत बघा, नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. शोरूममधल्या पोराचं ‘ओढते की सर’ धरू नका. ओढते हो, बैलही ओढतो. प्रश्न उताराला थांबवायचा आहे. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. घाटात जायचं असेल तर मी पाचशेच्यालाही लावतो. माझा स्वतःचा हिशेब असा की खराब रस्त्यावर भरलेला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावा.

आता वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. तुम्ही बैलगाडी भरलेली बघितली असेल. पोती मागं जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचा गळा आवळतो. फार पुढं भरली तर सगळा भार त्यांच्या मानेवर. आमच्या वडिलांना हे शिकवायला कोणी लागलं नाही, आणि मी ट्रॉल्या बनवणारा माणूस, पहिल्या ट्रेलरला तेच विसरलो. ओटा मागं छान दिसतो म्हणून तो मागं घेतला. मग पाण्याची टाकी ओट्याजवळ हवी, बॅटऱ्या टाकीजवळ, आणि स्टेपनी मागच्या दारावर, कारण फोटोत तशीच दिसते.

तुळजापूरहून सोलापूरला जाताना, तामलवाडीच्या अलीकडे, ताशी ८० च्या वेगात एक ट्रक शेजारून गेला. त्याच्या हवेनं ट्रेलरचं बूड जरासं सरकलं, परत आलं, परत जास्त सरकलं. चार झोल्यांत सुपात घालून पाखडावं तशी गाडी हलायला लागली. मी घाबरून ब्रेक दाबला, तसं ते अजून वाढलं. शेवटी पाय काढून घेतला, स्टिअरिंग सरळ धरून बसलो, वेग उतरला तेव्हा थांबलं. बायको पंधरा मिनिटं बोलली नाही. हे तिचं पहिल्यांदाच झालं. तेव्हा लक्षात ठेवा : झोले सुरू झाले की गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवायचं नाही, पाय उचलायचा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ते, गाडीत बसवलेल्या त्यांच्या वेगळ्या बटणावरून, हातानं लावायचे.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर गेलो. हे तुम्हीही घेण्याआधी करा, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. ट्रेलर गाडीपासून सोडवून, पुढच्या छोट्या चाकासकट अख्खा काट्यावर घ्या. मग फक्त मोठी चाकं काट्यावर आणि पुढचं चाक बाहेर, सपाट जमिनीवर. दोन वजनांतला फरक म्हणजे आकड्यावर, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवतात त्या हुकावर, पडणारा भार. माझं एकूण भरलं ८२०, चाकांवर ७९०. म्हणजे आकड्यावर अवघे ३०. तो एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. बॅटऱ्या, गॅस आणि स्टेपनी पुढे आणली, टाकी चाकांच्या बरोबर वर घेतली, तेव्हा ९० आले. त्यानंतर ट्रेलरनं मान हलवली नाही. फार पुढंही भरू नका. गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट झाडावरच्या वानरांना दिसतो.

तुमच्या सोळा फुटीत संडास-बाथरूम कुठे आहे? मागच्या टोकाला असणार. पाणी भरून काट्यावर न्या म्हणजे कळेल. शिवाय चाकांच्या मागं इतकं अंग लोंबत असेल, तर ओढ्यातून वर चढताना मागची कड जमिनीला घासणारच.

सस्पेन्शनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विक्रेता त्यावरच जास्त बोलेल. प्रत्येक चाकाला वेगळी आर्म, कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप असलेली रचना खडबडीत रस्त्यावर खरोखर मऊ चालते. पण आर्मच्या सांध्यातला बुश गेला किंवा अलाइनमेंट बिघडली तर सामान कुठून आणणार? पाट्यांची कमान हिसके जास्त देते. मात्र पाटा मोडला तर कुठल्याही तालुक्याच्या गावात दुपारपर्यंत बसवून मिळतो. तुमच्या वयाला आणि बेताला पाटे बरे. चाकं मात्र बोलेरोच्याच नटबोल्टांच्या मापाची घ्या, म्हणजे स्टेपनी दोघांना चालते. दोन्हींच्या चाकांमधलं अंतरही सारखं असू द्या, मग ट्रेलर तुमच्याच चाकोरीतून येतो. चहाला थांबलात की हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, हात लावून बघायची सवय लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बेअरिंग बोलतंय. आणि तापलेला हब तसाच ओढ्याच्या पाण्यात घालू नका. आतली हवा गार होऊन आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. बेअरिंगचा एक संच, सील आणि ग्रीसचा डबा बरोबर असावा.

भिंतींचं थोडं. १९९३ च्या भूकंपानंतर आमचं घर दीड वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये होतं, किल्लारीपासून जवळच. दुपारी त्या पत्र्याखाली भाकरीचं पीठ भिजवून ठेवलं की तासात आंबट व्हायचं, आणि थंडीत पहाटे छताला साचलेलं दव टपटप तोंडावर पडायचं. ते दव बाहेरचं नव्हतं, आमच्याच श्वासाचं होतं. म्हणून मी नुसत्या पत्र्याचा ट्रेलर कोणाला देत नाही. शीतगृहाला वापरतात तसलं फोम भरलेलं पॅनल, समोरासमोर दोन खिडक्या आणि छताला एक झरोका एवढं मागून घ्या. थंडीतही खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. आत शेगडी पेटवून ऊब करायची नाही, कितीही कुडकुडलात तरी. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीला खाली भोकं, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो.

गाडीच्या टपावरचा तंबू कोणी सुचवला तर नको म्हणा. साठीनंतर रात्री दोनदा उठावं लागतं, आणि अंधारात शिडी उतरणं हा प्रवासाचा भाग नव्हे. संडासासाठी हातात मावणारा सुटा डबेवाला कमोड आणि एक उभा तंबू मिळतो. बाईंना तो दाखवा, मग सोळा फुटीचा विषय काढा.

लडाख पहिल्याच खेपेला नको. आधी नळदुर्ग, मग म्हैसमाळचा चढ, मग दहा दिवसांची एखादी मोठी फेरी. मागे घेण्याचा सराव बाजाराच्या रिकाम्या मैदानावर करा. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात न्या. दोन रविवारांत जमतं.

प्रश्न : मी जालन्याचा, घरचंच लोखंडाचं दुकान. ट्रेलर स्वतः बनवतोय. चेसिसला जाड चॅनल वापरून कायमचा मजबूत करायचा विचार आहे. किती जाड घेऊ? – एक तरुण वाचक, जालना

लोखंड घरचं आहे म्हणून जेवणात मीठ जास्त घालतो का आपण? जाड चॅनलचं वजन तुम्हालाच ओढायचंय. मी दुरुस्तीला आलेले ट्रेलर बघतो, त्यांचं चॅनल कधी वाकलेलं नसतं. चीर जाते ती जोडावर, जिथे आकड्याकडे जाणारा पुढचा दांडा पेटीच्या चौकटीला मिळतो तिथे. म्हणून दांडा पुढच्या आडव्या पट्टीलाच चिकटवून सोडू नका, तो चौकटीखालून पाट्यांच्या हँगरपर्यंत मागे न्या. आणि चॅनलच्या खालच्या ओठावर, म्हणजे बाहेर आलेल्या खालच्या कडेवर, आडवं वेल्डिंग करू नका, तिथूनच चीर सुरू होते. झिंकच्या हौदात बुडवून गॅल्व्हनाइज करणार असाल तर सगळं वेल्डिंग आणि सगळी भोकं आधी. बंद पाइपला हवा जायला भोक नसेल तर आतली ओल वाफ होऊन तो हौदात फुटू शकतो. आकड्याच्या खाली दोन साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावा, आकडा निसटला तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

चाकावरच्या मडगार्डमध्ये चार बोटं मोकळी नको, वीतभर ठेवा. आपली काळी माती पावसात टायरला चढत जाते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग तो ट्रेलर नसतो, कुळव असतो. खरं तर ओल्या काळ्या रानात उतरूच नये.

आणि पहिला पत्रा कापायच्या आधी आरटीओत जाऊन या. ट्रेलरला स्वतःची नोंदणी, नंबर आणि विमा लागतो. माझ्या ओळखीच्या एकानं बाहेरून तयार ट्रेलर घेतला, बनवणाऱ्यानं कागद ‘नंतर देतो’ म्हटलं. तो ट्रेलर आज त्यांच्या गोठ्यात आहे, आत कडबा भरलेला.

प्रश्न : मी, माझी बहीण आणि माझी मुलगी, तिघीच दिवाळीच्या सुट्टीत कच्छला निघणार आहोत. ट्रेलर छोटा, भाड्याचा. पाणी किती घ्यावं आणि धुळीचं काय करावं? – एक वाचक, परभणी

ताई, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाणी तांब्यानं मोजलं जायचं, तेव्हाचा हिशेब अजून उपयोगी पडतो. पिणं, स्वयंपाक, भांडी आणि तोंड धुणं मिळून माणशी आठ ते दहा लिटर. अंघोळ धरलेली नाही, ती मुक्कामाच्या गावात. तिघींना तीन दिवसांना नव्वद लिटर. सगळं एका टाकीत ठेवू नका. साठ टाकीत, उरलेलं कॅनमध्ये, म्हणजे टाकी फुटली तरी प्यायला राहतं. टाकीत आतून भोकांचे आडवे पडदे आहेत का ते विचारा, नाहीतर अर्धी टाकी वळणावर डचमळते आणि ट्रेलर ढकलते.

धूळ मागून येते. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. भाड्यानं घ्यायच्या आधी आत एक पांढरा टॉवेल पसरा, दारं लावा आणि मुरमाच्या रस्त्यावरून दहा किलोमीटर फिरवून आणा. टॉवेल सांगेल. चांगल्या ट्रेलरला छताच्या पुढच्या बाजूला गाळणी लावलेला झरोका असतो. चालताना त्यातून हवा आत भरते आणि धुळीला बाहेरच ठेवते. माझ्या पहिल्याला तो नव्हता. औशाहून किल्लारीपर्यंत कच्च्या रस्त्यानं गेलो आणि मिसळणाचा डबा उघडला, तर हळद कुठली आणि तिखट कुठलं हे चव घेऊनच ठरवावं लागलं.

एक न विचारलेलं. दिवाळीत रणाचा बराच भाग अजून ओला असतो. वरची पांढरी पापडी बघून चाकं उतरवू नका, खाली चिखल असतो. मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोचा आणि ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, तोंड रस्त्याकडे. रात्री निघायची वेळ आली तर मागे घेत बसावं लागत नाही.

प्रश्न : ऊस संपला की माझ्या दोन ट्रॉल्या सहा महिने उभ्या असतात. एकीवर खोली बांधून फिरायला न्यावी का? – एक शेतकरी, केज

नाही. ट्रॉलीला शॉकअप नाही आणि तिची चौकट टनांनी ऊस वाहायला केलेली. रिकामी चालली की ती उडते, तुम्ही आत असाल तर तुम्हीही. तुमच्याच तालुक्यातली माणसं दर वर्षी अख्खा संसार ट्रॉलीत भरून कारखान्यावर जातात. त्यातल्या कोणालाही विचारा, पोचल्यावर पाठ सरळ व्हायला किती दिवस लागतात. फिरायचंच असेल तर दोनातली एक ट्रॉली विका आणि त्या पैशात सहाशे किलोच्या आतला, पाट्यांचा, कागद असलेला ट्रेलर बघा. येताना काट्याची पावती घेऊन या, शेड उघडंच असतं.