बोंडूचा ढीग आणि अस्वल

प्रश्न : जांबोटीच्या पुढं जंगलाला लागून आमचा ऊस आहे. रानडुकरं बाहेरच थांबावीत म्हणून बांधापलीकडं काजूचे बोंडू आणि सडके फणस टाकतो. यंदा त्या ढिगावर अस्वल येतंय. शेजारी म्हणतात, तारेत करंट सोड. काय करू?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : दादा, करंटचं आधी मनातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि त्या तारेला अस्वलाआधी तुमचंच पोर किंवा म्हैस चिकटायची.

ढीग ठेवून अस्वल थांबत नाही. आमच्याही परड्यात असाच ढीग असायचा. बिया काढून घेतल्या की बोंडू गोठ्यामागं. दोन-तीन दिवसांत दारूसारखा आंबूस वास सुटायचा. एका पहाटे वडील धारेला निघाले, तर ढिगाशी काळं काहीतरी हललं. म्हैस सुटली समजून ते हाक मारत पुढं गेले. अस्वलानं मान वर केली, फुसकारलं आणि वळून जाळीत शिरलं. वडील थोडक्यात वाचले. उजाडल्यावर बघतो तर फणसाच्या आठळ्यांनी भरलेली विष्ठा आणि मातीत बोटभर लांब नखांचे ओरखडे.

अस्वलाचं नाक तिखट, नजर अधू. खाण्यात गुंतलं की माणूस अगदी जवळ येईस्तोवर त्याला कळत नाही, मग दचकून अंगावर येतं. ढीग वाटेजवळ असला की हेच घडतं. नुसतं पुरूनही भागत नाही. कडक वारूळ फोडून वाळवी ओढणाऱ्या जनावराला भुसभुशीत माती म्हणजे काहीच नाही.

ताजे बोंडू त्याच दिवशी गुरांना थोडे थोडे घाला. उरलेले शेणकाल्यात कालवून घरापासून, पायवाटेपासून लांब दगडी खड्ड्यात टाका, वर जड फरशी ठेवा. फणस कोवळे असतानाच भाजीला उतरवा, गळालेले दिवस मावळायच्या आत उचला. मेलेलं वासरू तिथं कधीच टाकू नका, बिबट्या येईल. डुकरांचंही तेच आहे. ढिगावर पोसलेली डुकरं रोज तिथंच येतात, आणि ऊस तिथून चार पावलांवर.

नुकसान झालं असेल तर साफ करण्याआधी फोटो काढून वनखात्याच्या कचेरीत अर्ज द्या, पंचनामा करून घ्या.

ढीग हलवला तरी अस्वल काही रात्री वास घेत येईल. तेवढे दिवस पहाटे एकट्यानं जाऊ नका. बॅटरी घ्या, मोठ्यानं बोलत जा. आमचे वडील रिकामी चरवी वाजवत जायचे.