संसदीय पद्धत सगळ्या देशांत सारखीच असते का? पंतप्रधानाला मुदतीआधी हटवायचं तर कुठे काय होतं?

सारखी नसते. सांगाडा एकच: लोक सभागृह निवडतात, सभागृहाच्या विश्वासावर सरकार टिकतं, विश्वास उडाला की जातं. पण विश्वास उडाला हे ठरवायचं कसं, आणि पुढे काय, इथे देशोदेशीचे नियम पार वेगळे आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी भारत. राज्यघटनेच्या कलम ७५(३) नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असतं. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावात २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. पण ज्या २७० जणांनी ते पाडलं, त्यांना मिळून दुसरं सरकार काही बनवता आलं नाही. लोकसभा विसर्जित झाली आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे कारगिल युद्धाच्या काळातही, वाजपेयींचंच काळजीवाहू सरकार कारभार पाहत होतं. नको कोण यावर एकमत होतं, हवा कोण यावर नव्हतं.

जर्मनीने नेमका याच गोष्टीचा बंदोबस्त केला आहे, कारण त्यांनी याची फार मोठी किंमत मोजली होती. सप्टेंबर १९३२ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, पापेन यांच्याविरुद्ध कम्युनिस्टांनी ठराव आणला, त्यांच्या हाडवैरी नाझींनी त्याला पाठिंबा दिला, आणि तो ५१२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला. पाडायला एवढं प्रचंड बहुमत, पण त्यातून सरकार उभं राहणं अशक्य. चार-पाच महिन्यांत हिटलर चॅन्सेलर झाला. म्हणून १९४९ च्या घटनेत कलम ६७ आलं: चॅन्सेलरला हटवायचं असेल तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा प्रयत्न दोन मतांनी फसला. १९८२ मध्ये मात्र हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. मध्ये एक दिवसही पोकळी नाही. स्पेनमध्येही हीच पद्धत आहे. २०१८ मध्ये राहोय यांच्या जागी सांचेस आले ते याच मार्गाने.

स्वीडन याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पंतप्रधानाला बहुमताचा होकार लागतच नाही, बहुमताचा नकार नसला की पुरे. नोव्हेंबर २०२१ मध्ये माग्दालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७ मतं पडली, विरोधात १७४. तरीही त्या निवडून आल्या, कारण ३४९ च्या सभागृहात नकारासाठी १७५ मतं लागतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. पण अल्पमतातली सरकारं तिथे नेहमीचीच आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक विधेयकासाठी त्यांना विरोधकांशी बोलावं लागतं. ही मला त्या पद्धतीची जमेची बाजू वाटते.

ब्रिटनमध्ये सभागृहाने सरकार पाडल्याचं शेवटचं उदाहरण १९७९ चं, कॅलहन यांचं, तेही एका मताने. त्यानंतर थॅचर, जॉन्सन, ट्रस यांना पायउतार व्हायला लावलं ते स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांनी. भारतात हे घडणं कठीण. १९८५ पासूनच्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडून मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये बंडखोराला पक्ष फार तर संसदीय गटातून काढतो, जागा त्याचीच राहते.

जर्मनीची पद्धत भारतात आणावी अशी सूचना अनेकदा होते. मला ती आवडते, पण अर्धीच. जर्मन घटनेच्या कलम ३८ नुसार खासदार फक्त आपल्या सदसद्विवेकबुद्धीला बांधील असतो. व्हिप आहे तसाच ठेवून नुसतं कलम ६७ उचललं, तर पंतप्रधान हटवणं आणखी अवघड होईल, आणि खासदाराला मात्र बोलण्याची जास्तीची मोकळीक काहीच मिळणार नाही. आधी व्हिप फक्त विश्वास-अविश्वास आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा, असं माझं मत आहे.

आणखी एखादा देश पाहणार असाल तर नॉर्वे जरूर पाहा. तिथे मध्यावधी निवडणूक घेताच येत नाही. सरकार पडलं तरी चार वर्षं संपेपर्यंत त्याच सभागृहाला नवं सरकार शोधावं लागतं.